खुंटीवरचं हँडल

डिसेंबर सरत आला की टीव्हीवाल्यांना निफाड आठवतं. एरवी आम्ही नकाशावर कुठे असतो याची कुणाला फिकीर नसते, पण पारा पाच-सहावर उतरला की खालच्या पट्टीवर आमचं नाव पळायला लागतं. मग पुण्याहून नातीचा फोन येतो, "आजी, स्वेटर घातलास ना?" घातला म्हणून सांगते. खरं सांगायचं तर त्या बातमीनं मला थंडी वाजतच नाही, उलट ऊर भरून येतो. थंडीचा कुणी अभिमान धरतं का, असं विचाराल तर मी धरते. त्या थंडीशी माझा जुना हिशेब आहे आणि तो मी जिंकलेला आहे.

ही सत्तरचं दशक संपता संपतानाची गोष्ट. लग्न होऊन या घरात माझा तो दुसरा हिवाळा होता. मी नाशिकरोडची. वडील वर्कशॉपमध्ये फिटर, त्यामुळे आमच्या घरात पान्हे आणि पोळपाट एकाच फळीवर असायचे. सासर निफाडपासून चार मैलांवर, मळ्यात. नवरा हरसूलच्या शाळेत मास्तर, शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटेच्या एसटीनं परत डोंगरात जायचा. म्हणजे मळ्यात आम्ही तिघंच. सासऱ्यांना सगळं शिवार नाना म्हणायचं, म्हणून मीही नानाच म्हणायचे. सासूबाईंना आत्याबाई. आणि चौथं माणूस म्हणजे इंजिन.

माणूसच म्हणायचं त्याला. विहिरीच्या कडेला पत्र्याच्या खोपीत ते काळं ऑइल इंजिन बसलेलं असायचं, दोन बाजूंना दोन जाडजूड चाकं, डोक्यावर त्याला गार ठेवणाऱ्या पाण्याची टाकी. नानांनी ते जुनंच आणलं होतं, पण दसऱ्याला त्याला झेंडूची माळ बैलांच्या आधी पडायची. ते सुरू झालं की डुग डुग आवाज पार वस्तीच्या टोकापर्यंत जायचा आणि शेजारपाजारचे आवाजावरून सांगायचे, नानाचं इंजिन लागलं. ते सुरू करायचं हँडल, कोपरात वाकवलेल्या हातासारखा तो लोखंडी दांडा, नाना कुणाला देत नसत. त्यांच्या खाटेच्या उशाशी भिंतीत एक खुंटी होती. तिथं टोपी आणि टोपीखाली हँडल.

"बाईमाणसाचं काम नाय ते," असं नानांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मी नुसतं खोपीत डोकावले होते. "पदर पट्ट्यात गेला तर जीव जाईल."

मला राग आला होता. माझ्या बापानं मला आठवीत असताना सायकलचं चाक उघडून जोडायला शिकवलं होतं, आणि इथं मी दांड्याला हातही लावायचा नाही. पण नवी सून, बोलते कुणाला. मी आपली रशीदचाचांची वाट बघायचे. रशीदचाचा म्हणजे निफाडचे इंजिनमिस्त्री. वर्षातून एकदा सायकलला पिशवी लटकावून यायचे आणि इंजिन उघडून चटईवर मांडायचे. त्यांना पोरगी काय आणि पोरगा काय, विचारणारं कुणीतरी लागायचं. त्यांनी मला वरचा खटका दाखवला. तो उचलून धरला की इंजिनचा दम सुटतो आणि चाक हलकं फिरतं, चाकानं वेग घेतला की खटका सोडायचा, मग ते पेट घेतं. "और अंगूठा बाहर, बेटी," ते म्हणाले. "चारों उंगलियों के साथ. अंगूठा अंदर लिया और इंजिन ने उलटा मारा, तो कलाई गई." नाना मागे उभे राहून मान हलवत होते. हा नियम ते स्वतः गावभर सांगत फिरायचे.

आत्याबाईंचं राज्य दुसरं. त्यांचं राज्य सरपणाचं. घरामागं परसात त्यांनी लाकडांची चवड रचलेली असायची, एवढी सरळ की गवंड्यानं ओळंबा लावावा. बांधावरची बाभूळ तळाला, त्यावर चिंचेच्या फांद्या, त्यावर द्राक्षाच्या छाटणीच्या काड्यांच्या पेंड्या, आणि अगदी वर तुराट्या. कुठलं लाकूड कशाला, हे त्यांना विचारावं. भाकरीला काड्या, डाळीला चिंच, आंघोळीच्या पाण्याला बाभळीचा बुंधा. त्यांच्या चुलीतून धूर निघत नसे. लग्नाच्या पहिल्या महिन्यात माझ्या चुलीतून निघालेला धूर बघून त्या म्हणाल्या होत्या, "मंगल, गावाला वाटंल घर पेटलं."

त्या चवडीचा एक नियम होता. तळाची ओळ काढायची नाही. पावसाळ्याच्या तोंडाला वरचं सगळं संपलं तरी तळाची बाभूळ तिथंच राहायची आणि नवी चवड तिच्यावरच चढायची. कारण त्या ओळीखाली मुंगसाचं बीळ होतं. मला आधी वाटलं, काही देवाधर्माचं असेल. आत्याबाई म्हणाल्या, "देव नाय आन् काय नाय. उंदीर वेलाची मुळं कुरतडत्यात. मुंगूस हाय म्हणून बाग हाय." बुलबुलांना मात्र त्या शिव्या घालायच्या. घडात मणी भरले की डबा वाजवत बागेतून फिरायच्या आणि बुलबुल दोन ओळी पलीकडे जाऊन बसायचे. संध्याकाळी बागेच्या दगडी खांबावर पिंगळा, ते लहानसं घुबड, येऊन बसला की म्हणायच्या, "आला बघ राखणदार, पगार नाय न् पाणी नाय."

आज माझ्या परसात सरपण नाही, गॅस आहे. पण कुंपणाजवळ चार ओंडके मी मुद्दाम पडू दिलेत. मुलगा दर दिवाळीला विचारतो, आई, हे उचलून टाकू का? मी म्हणते, हात लावून बघ.

तर ती बाग. एक एकर, द्राक्षाची, दगडी खांब आणि तारा. नानांनी उसाचं रान मोडून लावलेली. त्या हिवाळ्यात तिचं पहिलं पीक धरलं होतं. काही विचारू नका, घरात जेवताना बोलणं बागेचं, झोपताना बागेचं. नाना सकाळी उठून तोंड धुवायच्या आधी एक फेरी मारायचे आणि घडाखाली तळहात धरून बघायचे, हात लावायचे नाहीत. मणी ज्वारीएवढे झाले, मग वाटाण्याएवढे. आणि मग थंडी पडली.

निफाडची थंडी बाहेरच्याला सांगून कळत नाही. पहाटे बादलीतल्या पाण्यावर बर्फाची पापडी धरते, दोरीवर वाळत घातलेला कपडा काठीसारखा ताठ होतो. अशा थंडीत द्राक्षाचं पान जळतं आणि मण्याला तडा जातो. एक पहाट पुरते. त्यावर शिवारात दोनच उपाय होते. एक म्हणजे बागेच्या वाऱ्याकडच्या अंगाला शेकोट्या करून धूर धरायचा. दुसरा म्हणजे पहाटे बागेला पाणी भरायचं. विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट असतं, ते ओळींतून फिरलं की बागेच्या अंगाला ऊब येते. धुराला सरपण लागतं आणि पाण्याला इंजिन.

तिसऱ्या दिवशी सकाळी नाना इंजिन लावायला गेले आणि मी भाकरी थापत होते. डुग डुग ऐकू आलं नाही. एक खाडकन आवाज आला आणि नंतर काहीच नाही. जाऊन बघते तर नाना मनगट धरून खोपीबाहेर बसलेले, चेहरा पांढराफटक. तीन पहाटा झोप नाही, डोळे बागेकडे, आणि सबंध गावाला अंगठा बाहेर म्हणून सांगणाऱ्या माणसाचा अंगठा आत राहिला. इंजिननं उलटा फटका दिला. मनगट मोडलं. आम्ही बैलगाडीतून निफाडला नेलं, डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. येताना नाना एकच वाक्य बोलले, "आज रात्रीत पारा आणखी उतरंल."

नवरा हरसूलला, निरोप पोचून तो यायचा म्हणजे उद्या दुपार. शेजाऱ्यांना हाक मारावी तर त्यांच्याही बागा होत्या, आणि त्या पहाटे ज्यानं त्यानं आपली बघायची होती. रशीदचाचा लासलगावला कुणाकडे कामाला गेले होते. नाना खाटेवर आढ्याकडे बघत पडले. उशाच्या खुंटीवर टोपी आणि टोपीखाली हँडल.

मी उठले आणि हँडल काढून घेतलं. नाना बघत होते. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले नाहीत. आत्याबाईंनी त्यांच्या पेटीतून आपलं जुनं लुगडं काढून माझ्या पुढ्यात टाकलं. "हे नेस. काष्टा घट्ट घाल. पदर कमरेला," एवढंच बोलल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी नऊवारी नेसले ती इंजिन लावायला.

पहाटे आम्ही बाहेर पडलो तेव्हा पूर्वेला अजून काही नव्हतं. आत्याबाईंनी वाऱ्याकडच्या बांधाला सात शेकोट्या रचल्या. आधी काड्यांचा जाळ, त्यावर चिंच, आणि जाळ लागला की वर ओला पाला. मी मदतीला वाकले तर म्हणाल्या, "तू कर ना. धूर तुलाच चांगला येतो." अशा वेळी हसू येऊ नये, पण आलं. खरंच, त्या बाईनं जन्मभर चुलीतला धूर मोडायची कला कमावली आणि त्या पहाटे तिला तोच पाहिजे होता. तिनं तोही असा काढला की पांढरी चादर बागेवर बसून राहिली.

इंजिन मात्र हलेना. मी खटका उचलून धरला, चारी बोटं आणि अंगठा एका बाजूला, आणि जोर लावला. चाक जेमतेम अर्धं फिरलं. थंडीनं आतलं तेल काकवीसारखं घट्ट झालं होतं. नाना सांगायचे तसा तेलात भिजवलेल्या चिंधीचा काकडा पेटवून इंजिन हवा ओढतं त्या तोंडाशी धरला, पुन्हा फिरवलं. तीनदा, चारदा. तळहाताची साल निघाली. मला रडू यायला लागलं, आणि रडण्यापेक्षा मला त्या यंत्राचा राग आला होता.

मग डोक्यात आलं की हे गरम केलं पाहिजे. खोपीबाहेर वेगळ्या पेटवलेल्या शेकोटीवर पाण्याचं पातेलं उकळत होतं, ते मी उचललं आणि इंजिनच्या टाकीत ओतणार तोच आत्याबाईंनी माझं कोपर धरलं.

"गार मडक्यात उकळतं पाणी वततं का कुणी? तडकंल ते."

आयुष्यात त्यांनी त्या इंजिनला हळदीकुंकवापलीकडे बोट लावलं नव्हतं. पण लोखंडाचं असो की मातीचं, त्यांच्या लेखी ते भांडंच होतं, आणि भांडं कसं तापवायचं हे त्यांना कळत होतं. त्यांनी आधी कोमट पाणी घालायला लावलं. ते खालच्या तोटीतून काढून टाकलं. मग जरा कढत. मग आणखी कढत. प्रत्येक वेळी टाकीला उलटा हात लावून बघायच्या, बाळाच्या कपाळाला लावतात तसा. मी फिटरची मुलगी, मला हे सुचलं नव्हतं. त्यांनी मला अडवलं नसतं तर टाकी फुटली असती आणि बाग माझ्या हातून गेली असती, हे मी कुणापासून लपवत नाही.

पण पाणी तापवायला जाळ लागतो आणि शेकोट्यांनाही लागतो. चवड संपली. तुराट्या गेल्या, काड्या गेल्या, चिंच गेली. शेकोट्या खाली बसायला लागल्या आणि धुराची चादर एका कोपऱ्यावर फाटली. मी परसात धावले. तळाची बाभळीची ओळ तेवढी उरली होती. चांगली वाळलेली, जड. मी वाकून पहिला ओंडका हलवला आणि आतून चिरचिर आवाज आला. बारीक, दोन-तीन जणांचा.

"ठेव तो," आत्याबाई मागून म्हणाल्या. "पिलं हायत."

"आत्याबाई, बाग जाईल."

"ठेव म्हणते ना."

मी ओंडका तसाच धरून उभी. मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला होता, सांगते ना. एक एकर बाग, पहिलं पीक, आणि इथं मुंगसाची पिलं. तेवढ्यात खोपीमागून काहीतरी घासत येतंय असं वाटलं. नाना होते. गळ्यात प्लास्टरचा हात, आणि दुसऱ्या हातानं ते मोटेचं चाक ओढत आणत होते.

इंजिन यायच्या आधी त्याच विहिरीवर मोट चालायची. बैल धावेच्या उतारावरून खाली जायचे, नाड्याचा जाड दोर या लाकडी चाकावरून फिरायचा आणि कातड्याची मोट पाणी घेऊन वर यायची. ते चाक नानांच्या वडिलांनी करून घेतलेलं, सागाचं, मधे लोखंडी कणा. मोट बंद झाली तरी नाना त्याला दर दसऱ्याला तेल द्यायचे. आत्याबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

"बघता काय," नाना म्हणाले. "कुऱ्हाड आणा. माझा हात नाय."

"तुमच्या बापाचं हाय ते," आत्याबाई म्हणाल्या.

"बापानं पाण्यासाठीच केलं होतं. चाक परत करता येईल. पिलं कोण करून देतंय?"

आत्याबाईंनीच घाव घातला. चाकाचे आरे सुटले, तेल पिऊन पिऊन तयार झालेला साग तो, काय धडाडून पेटला. अर्धं लाकूड शेकोट्यांना गेलं आणि अर्ध्यावर आमचं शेवटचं पातेलं उकळलं. ते पाणी टाकीत ओतलं तेव्हा इंजिनच्या अंगातून वाफ निघायला लागली. आत्याबाईंनी खटका धरला, मी हँडल. नाना दारात उभे. त्यांनी हळूच विचारलं, "अंगठा?"

"बाहेर," मी म्हटलं.

आधी चाक जड होतं, मग जरा हललं, मग फिरलं. मी फिरवतच राहिले, दंड तुटतो की काय असं वाटेपर्यंत. "सोडा," मी म्हटलं आणि आत्याबाईंनी खटका सोडला. एक ठोका पडला. मधे भलामोठा खंड. मग दुसरा. आणि मग डुग, डुग, डुग, आणि नळकांड्यातून धुराची काळी कडी वर गेली. पंपानं पाणी ओढलं. पाटात पाणी पडलं तेव्हा त्यातून वाफ निघत होती. मी आणि आत्याबाई अनवाणी त्या पाण्यात उभ्या राहिलो आणि पायांना एवढं बरं वाटलं की मी रडले. आता रडायला हरकत नव्हती.

सूर्य उगवला तेव्हा शिवार पांढरं होतं. आमच्या बागेच्या उत्तरेकडच्या दोन ओळींची पानं काळी पडली, तिथं धूर फाटला होता. बाकी बाग हिरवी. नाना एकेका घडाखाली तळहात धरत शेवटच्या ओळीपर्यंत गेले आणि परत आले. शेजारच्या पाटलांच्या बागेचं पान राहिलं नव्हतं, त्यामुळे आमच्याकडे कुणी मोठ्यानं आनंद केला नाही. दुपारी परसात ऊन आलं, तेव्हा तळाच्या ओळीतून मुंगसीण बाहेर आली. मागे तीन पिलं. रिकाम्या जागेकडे बघून ती थबकली, कारण काल तिथं डोक्याएवढी चवड होती. मग उन्हात बसली. आत्याबाई भाकरी मोडता मोडता म्हणाल्या, "बसा बाई, तुमचंच हाय."

नवरा संध्याकाळी धापा टाकत आला. त्याला नीट काही सांगितलंच नाही कुणी. माझ्या हाताला चिंध्या बांधलेल्या बघून त्यानं विचारलं, तर नाना म्हणाले, "तुझी बायको शिकली." कौतुक एवढंच. नानांकडून एवढं मिळणं म्हणजे लय झालं, असं आत्याबाईंनी मला चुलीपाशी समजावलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी भरायला उठले. थंडी तशीच होती. हँडल घ्यायला नानांच्या उशाशी गेले तर खुंटीवर नुसती टोपी. म्हटलं, झालं, एका दिवसाची बादशाही संपली, नानांनी हँडल लपवलं. नाना जागेच होते. गोधडीतून म्हणाले, "चुलीपाशी बघ."

स्वयंपाकघरात चुलीच्या वरच्या अंगाला भिंतीत नवी खुंटी ठोकलेली होती. एका हातानं ठोकलेली, म्हणून तिरकी. शेजारच्या खुंट्यांना पळी, झारा आणि सांडशी. आणि त्या तिरक्या खुंटीला हँडल, तेल देऊन पुसलेलं.

त्यानंतर बारा वर्षं, वीज येईपर्यंत, ते तिथंच होतं. कुणी शेजारी हँडल मागायला आला की नाना खाटेवरूनच सांगायचे, "सुनंला विचार, माझ्याकडं नसतं ते." आता नाना नाहीत, आत्याबाई नाहीत. इंजिन खोपीत गंजलंय, त्याच्या टाकीत दयाळ पक्ष्यानं दोनदा घरटं केलं. घर मात्र आम्ही नवीन बांधलं, ओटा, फरशा, सगळं. गवंडी भिंत गुळगुळीत करत होता, तेव्हा मी त्याला थांबवलं आणि गॅसच्या वरच्या बाजूला एक खुंटी ठोकायला लावली. तो म्हणाला, बाई, ही तिरकी बसतेय.

मी म्हटलं, तिरकीच पाहिजे.